सही तिघांची हवी

संक्रांतीच्या सुमाराला राळेगणसिद्धीत हळदीकुंकवाला गेले होते. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि नेहमीप्रमाणे बायका घोळक्याघोळक्याने बोलत बसल्या. माझ्या शेजारी पंचविशीची एक मुलगी होती. नवरा लष्करात शिपाई. लग्नाला पाच वर्षं झालेली. त्यातलं दीड वर्ष ती नवऱ्याजवळ राहिली, बाकीचं सगळं सासरी. मी सहज विचारलं, "तुझं घर कुठलं गं?"

ती हसली. म्हणाली, "कुठलं सांगू ताई? माहेरचं भावाचं, हे सासऱ्यांचं, आन् तिकडं व्हतं ते सरकारचं क्वाटर. माझं काईच न्हाई."

शेजारच्या दोघी-तिघीही हसल्या. आपण बायका अशा वेळी हसतोच. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एम. एस. डब्ल्यू. करताना आम्ही घरांच्या प्रश्नावर पुष्कळ वाचलं होतं. त्यात झोपडपट्टीवासी होते, धरणग्रस्त होते, किल्लारीचे भूकंपग्रस्त होते. सैनिकांच्या बायका कुठेच नव्हत्या. आपल्या चळवळीतही त्या क्वचितच दिसतात. लष्कर हा पुरुषांचा आणि देशाच्या संरक्षणाचा विषय, असं आपणही नकळत मानून चाललो असू का?

आता हा विषय काढण्याला कारण आहे. रस्ते झाले, दवाखाने झाले, शाळा झाल्या, आणि सगळीकडे सार्वजनिक-खासगी भागीदारीचा मंत्र म्हटला जातो. सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरं कमी पडतात, आहेत ती जुनी आहेत, सरकारकडे पैसा आणि माणसं अपुरी आहेत. मग खासगी बांधकाम कंपन्यांना बरोबर घ्या, असा हा विचार आहे. तो चांगला की वाईट, यावर वाद घालण्याआधी मला दुसराच प्रश्न विचारावासा वाटतो. या भागीदारीत भागीदार कोण? सरकार एक आणि कंपनी दुसरी. त्या घरात चोवीस तास राहणारी बाई कितवी?

राळेगणमध्ये हा प्रश्न सुचावा यात एक गंमत आहे. या गावाची आजची ओळखच एका सैनिकाने घडवली. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन गावी आले. साठलेला पैसा त्यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला लावला. स्वतःचा संसार मांडला नाही, घर बांधलं नाही. मंदिरातल्या खोलीत राहिले. त्यांच्या त्यागाचं कौतुक झालं, ते योग्यच आहे. पण घराशिवाय राहण्याची निवड एकट्या पुरुषाला करता येते. दोन लेकरं पदरी असलेल्या शिपायाच्या बायकोला देवळाच्या खोलीत संसार मांडता येत नाही. तिला घर लागतंच, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी बदलतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवरा 'फील्ड'मध्ये, म्हणजे सीमेवर किंवा अशांत भागात असेल, तर कुटुंब बरोबर नेता येत नाही. 'पीस'मध्ये असेल तर नेता येतं, पण क्वार्टर मिळालं तर. अधिकाऱ्यांना ते बहुधा मिळतं. जवानांच्या बाबतीत ठराविक प्रमाणातच कुटुंबांसाठी घरं मंजूर असतात. मग नंबर लावायचा. नंबर लागेपर्यंत छावणीबाहेर भाड्याची खोली घ्यायची, किंवा बायकोने गावीच थांबायचं. आपल्या जिल्ह्याच्या गावालाच केवढी मोठी छावणी आहे. चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षणशाळा १९४८ पासून इथे आहे, यांत्रिक पायदळाचं केंद्र १९७९ पासून. शेजारच्या भिंगारला गेलं की अशी भाड्याने राहणारी कुटुंबं भेटतात. कुणी हरियाणाचं, कुणी तमिळनाडूचं. आणि पारनेरची मुलगी कुठेतरी अंबाला नाहीतर जबलपूरला तशाच एका खोलीत असते.

सरकारने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००२ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरं बांधण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. टप्प्याटप्प्याने सुमारे दोन लाख घरं बांधायची होती. बांधकाम खासगी ठेकेदारांनी करायचं आणि देखभाल लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेने, म्हणजे एम.ई.एस.ने. पुष्कळ घरं झाली, पण ठरल्या वेळेत झाली नाहीत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने या दिरंगाईबद्दल एकदा नव्हे, अनेकदा नापसंती नोंदवली आहे. घर तीन वर्षं उशिरा झालं, तर फाइलवर एक शेरा वाढतो. बाईच्या आयुष्यातली मात्र तीन वर्षं, तीही लेकरू लहान असतानाची, नवऱ्यापासून दूर जातात.

घर मिळालं, तरी पुढे काय होतं ते आमच्या गटातल्या एका ताईने सांगितलं. कुठल्या छावणीत, ते लिहीत नाही. छत गळत होतं. भिंतीला ओल धरून बुरशी आली, धाकट्याला खोकला सुटेना. तक्रार नोंदवायला गेली तर वहीत नाव, नंबर, हुद्दा नवऱ्याचा लागतो. "साहेबांना पाठवा," असं तिला सांगण्यात आलं. साहेब सीमेवर होते. शेवटी फोनवर नवऱ्याने त्याच्या मित्राला सांगितलं, मित्राने तक्रार लिहिली, आणि माणूस आला तेव्हा पाऊस संपला होता. ती म्हणाली, "ताई, छत माझ्या डोक्यावर गळत व्हतं, पन तक्रार त्यांच्या नावानी करायची!"

म्हणून ज्या मैत्रिणी म्हणतात की खासगीकरण वाईट, सरकारीच बरं, त्यांच्याशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. सरकारी क्वार्टरमध्येही बाई हिशेबात नसतेच. आणि खासगी कंपनी आली की सगळं चकाचक होईल, असं म्हणणाऱ्यांशी तर अजिबातच नाही. त्यासाठी दोन देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

ब्रिटनने १९९६ साली इंग्लंड आणि वेल्समधली सैनिक-कुटुंबांची सुमारे ५७,४०० घरं ॲनिंग्टन नावाच्या खासगी कंपनीला १६६ कोटी पौंडांना विकून टाकली आणि तीच घरं पुन्हा भाड्याने घेतली. म्हणजे घर विकायचं, त्याच घरात भाडेकरू व्हायचं आणि दुरुस्तीचा खर्चही आपणच करायचा! आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याने असा व्यवहार केला, तर गाव त्याला वेड्यात काढील. घरांच्या किमती वाढल्या, त्याचा फायदा कंपनीला झाला. ओल, बुरशी आणि बंद पडलेल्या हीटरच्या तक्रारी मात्र कुटुंबांच्या वाट्याला आल्या. अखेर २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्यांतली ३६,३४७ घरं जवळजवळ ६०० कोटी पौंड देऊन परत विकत घेतली.

अमेरिकेनेही १९९६ सालीच कायदा करून हा मार्ग धरला. आज त्या देशातली सैनिक-कुटुंबांची जवळजवळ सगळी घरं खासगी कंपन्यांच्या हातात आहेत; करार साधारण पन्नास-पन्नास वर्षांचे. सुरुवातीला नवी घरं झाली, कौतुकही झालं. पण २०१८ पासून रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोध घेतला तेव्हा शिशाचा विषारी रंग, बुरशी, उंदीर, आणि दुरुस्ती झाल्याच्या खोट्या नोंदी बाहेर आल्या. एका मोठ्या कंपनीने, बॅलफोर बीटी कम्युनिटीजने, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. देखभालीचं बक्षीस मिळावं म्हणून नोंदींत फेरफार केले जात होते. दंड आणि भरपाई मिळून साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम तिला भरावी लागली.

ही गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती सांगितली नसती. आपल्या कामाचा भाग पुढे आहे. हे सगळं बाहेर आणण्यात सैनिकांच्या बायकांचा मोठा वाटा होता. त्यांनी बुरशीचे फोटो जमवले, मुलांच्या आजारपणाचे कागद जमवले, एकमेकींना शोधून काढलं, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे जाऊन साक्षी दिल्या. नवऱ्याच्या बढतीवर परिणाम होईल ही भीती त्यांनाही होतीच. त्यांच्या रेट्यामुळे २०२० मध्ये भाडेकरूंच्या हक्कांची सनद लागू झाली. घरात राहायला जाण्याआधी त्या घराचा मागच्या सात वर्षांचा दुरुस्तीचा इतिहास पाहण्याचा हक्क, वाद झाल्यास तो निवारण्याची रीतसर सोय, आणि वाद मिटेपर्यंत भाडं रोखून धरण्याची तरतूद हे पुढे त्यात आलं. कंपनीला जे कराराच्या दिवशीच मान्य करायला लावता आलं असतं, त्यासाठी वीसहून अधिक वर्षं गेली. कारण कराराच्या दिवशी त्या बायका खोलीत नव्हत्या.

आपल्याकडचे अनुभव फार वेगळे आहेत का? केरळात कोचीला लष्कराच्या गृहनिर्माण संस्थेने बांधलेले 'चंदर कुंज'चे मनोरे २०१८ मध्ये राहायला दिले गेले. ही संस्था १९७८ पासून सैनिक, निवृत्त सैनिक आणि विधवांसाठी घरं बांधते आहे. पण या इमारतींचं काँक्रीट निघून पडू लागलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाला दोन मनोरे पाडून पुन्हा बांधण्याचा आदेश द्यावा लागला. आयुष्याची पुंजी घातलेली, सात वर्षांत निघायची वेळ आली.

आणि आपल्या मुंबईतला 'आदर्श' तर आठवतच असेल. कुलाब्यातली ती ३१ मजली इमारत. कारगिलच्या वीरांसाठी आणि वीरपत्नींसाठी म्हणून तिचं नाव घेतलं जात होतं, आणि सदनिका राजकारण्यांच्या नातलगांना, सनदी अधिकाऱ्यांना, लष्करातल्या बड्या अधिकाऱ्यांना मिळाल्याचं २०१० मध्ये उघड झालं. मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडायला सांगितलं, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याला स्थगिती दिली. पण मला सर्वांत बोचलं ते दुसरंच. चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला की ती जमीन राज्य सरकारची होती, आणि कारगिलच्या कुटुंबांसाठी ती राखीव नव्हतीच. म्हणजे इतकी वर्षं जिच्या नावाने आपण सारे हळहळत होतो, त्या विधवेचं नाव कागदावर कधी नव्हतंच! ते फक्त लोकांच्या तोंडी होतं. भाषणात वीरपत्नी, कागदावर कुणीच नाही. मैत्रिणींनो, सैनिकाच्या बायकोचा घराशी असलेला संबंध याहून नेमका कसा सांगावा?

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं. "लष्करात शिस्त असते. तिथे बायकांची समिती वगैरे चालत नाही." मला विचारावंसं वाटतं, शिस्त जवानाला आहे, त्याच्या बायकोने कुठे भरतीच्या कागदावर सही केली? आणि लष्कराचा कायदा बायकोला ओळखतच नाही असंही नाही. १९५० च्या सैन्य कायद्यात, नवरा बायकामुलांना पोसत नसेल तर त्याच्या पगारातून थेट कापून पोटगी देण्याची तरतूद आहे. पगाराच्या बाबतीत ती दिसते, मग घराच्या बाबतीत का दिसू नये?

सैनिकपत्नींची कल्याणकारी संघटना १९६६ पासून आहे, हेही मला सांगितलं जातं. तिची मदत अनेकींना झाली आहे. पण तिथेही मान नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे. सेनाप्रमुखाची पत्नी अध्यक्ष, आणि खाली त्याच क्रमाने. ज्या साहेबांच्या हाताखाली आपला नवरा आहे, त्यांच्याच बाईसाहेबांसमोर शिपायाची बायको "आमच्या मोरीतलं पाणी तुंबतं" हे कितपत मोकळेपणी सांगेल?

घरातल्या मारहाणीचं तर बोलायलाच नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. मालकी तिची असो वा नसो. पण क्वार्टर नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, की ते सोडावं लागणारच. तो गेला, तर काही मुदत मिळते आणि मग सामान बांधायचं. तक्रार केली तर घर जाईल, या धाकाने गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कल्पना करा, उद्या हेच घर खासगी कंपनीचं झालं, तर रिकामं करून घेण्याची घाई आणखी वाढेल, कारण रिकामं घर म्हणजे नवं भाडं.

मग करायचं काय? उत्तर शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक केलं आहे. ती कशी होते हे आपल्याला माहीत आहे. कित्येक गावांत रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. तरी जिथे बायकांनी नेट लावला, तिथे पाणी, संडास, दारूचं दुकान हे विषय त्यांनी पुढे आणलेच. राळेगणने देशाला जे शिकवलं त्याचा गाभा हाच आहे की योजना सरकारची असली तरी लोकांनी ठरवली आणि लोकांनी राखली तर टिकते. श्रमदान करणारा तो भागीदार. मग रोज तीन वेळा त्या घराचा केर काढणारी, ओल पुसणारी, पाणी भरणारी बाई भागीदार का नाही? तिचं श्रमदान तर वर्षभर चालतं!

म्हणून माझं म्हणणं असं की सैनिक-कुटुंबांच्या घरांचा कुठलाही करार, सरकारी ठेकेदाराशी असो की खासगी कंपनीशी, दोघांच्या सहीने होता कामा नये. सही तिघांची हवी. तिसरी सही तिथे राहणाऱ्या बायकांची. त्यासाठी निदान एवढ्या गोष्टी मागाव्यात असं सुचवते.

एक, घराचा नकाशा आणि देखभालीचा करार मंजूर होण्याआधी वसाहतीतल्या बायकांची सभा व्हावी. समितीत जवानांच्या बायका निम्म्याहून अधिक असाव्यात, आणि तिथे नवऱ्याचा हुद्दा लावू नये.

दोन, तक्रार तिच्या नावाने, तिच्या सहीने घेतली जावी. दुरुस्ती झाल्याची सही तिने केल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. एवढी एकच अट असती, तर अमेरिकेतल्या खोट्या नोंदी झाल्या नसत्या.

तीन, घराचा ताबा घेताना त्या घराच्या जुन्या दुरुस्त्यांची नोंद तिला दाखवावी, आणि गंभीर तक्रार सुटेपर्यंत कंपनीला भाडं मिळू नये.

चार, नवऱ्याचा मृत्यू झाला, त्याने टाकून दिलं किंवा मारहाणीची केस चालू असेल, तर पर्यायी सोय होईपर्यंत आणि निदान मुलांचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत तिला घराबाहेर काढू नये. हे करारातच लिहिलेलं असावं. साहेबांच्या दयेवर नको.

पाच, ज्यांना क्वार्टर मिळतच नाही, त्यांच्या गावाकडच्या घराचं बघावं. १९८६ साली चांदवडला हजारो शेतकरी बायका जमल्या आणि पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या. २००३ साली राज्य सरकारने गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवावं, असं ग्रामपंचायतींना कळवलं. सैनिकांच्या घरांपासून या नोंदीची सुरुवात का करू नये? तो तर वर्षातले दहा महिने घरी नसतोच.

शेवटची मागणी सगळ्यांत सोपी आहे, आणि ती आपण उद्यापासून करू शकतो. तिला दिल्लीची परवानगी लागत नाही, ग्रामसेवकाची लागते.

नगर, सातारा, कोल्हापूर ही जवानांची शिदोरी पुरवणारी गावं. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याला तर लोक 'आपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. या भागात काम करणाऱ्या गटांनी एक बैठक फक्त सैनिकांच्या बायकांची घ्यावी. क्वार्टरमध्ये राहून आलेल्या, नंबर न लागलेल्या, विधवा झालेल्या, सगळ्यांना बोलवावं. त्या काय सांगतात ते नाव न देता लिहून ठेवावं. आपल्या हातात आज तेवढेही कागद नाहीत. आणि जे कागदावर नाही ते करारात येत नाही, हे 'आदर्श'ने आपल्याला शिकवलं आहे.

जाता जाता त्या मुलीचं सांगते. तिचा नवरा पगारातून पैसे पाठवतो, आणि सासऱ्यांच्या जागेवर दोन नव्या खोल्या चढताहेत. विटा उतरवून घेणं, पाणी मारणं, गवंड्याचा चहा सगळं तीच बघते. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा मी तिला नमुना आठच्या उताऱ्याबद्दल सांगितलं. तिने रात्री फोनवर नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माझी ना न्हाई, पन आप्पांना विचार." आप्पा म्हणाले, "बगू."

या 'बगू'ला तीन आठवडे झाले. येत्या महिला ग्रामसभेत हा विषय ती स्वतः मांडणार आहे. बरोबर आणखी चौघी आहेत, चौघींचेही नवरे सैन्यात. मीही जाणार आहे. तुमच्याकडे काय होतं ते जरूर लिहून कळवा.